मेणाच्या ठोकळ्यात राहिलेला पुरावा

जुलै 1983 मध्ये दिल्लीच्या 'पेट्रियट' या इंग्रजी दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं. एड्सचा रोग अमेरिकी लष्कराने फोर्ट डेट्रिकच्या प्रयोगशाळेत मुद्दाम तयार केला, असा त्यात दावा होता. पत्र सोव्हिएत हेरखात्याने पेरलेलं होतं. रशियाच्या परदेशी हेरखात्याचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी 1992 मध्ये या मोहिमेची कबुलीही दिली. पण तोवर ती गोष्ट कित्येक देशांच्या वर्तमानपत्रांतून फिरून आली होती, आणि ती खरी मानणारे आजही भेटतात.

ती इतकी का टिकली, याचं एक साधं कारण आहे. 1983 मध्ये तिला उत्तर द्यायला कुणाच्या हातात काही नव्हतं. एड्सचा विषाणू, म्हणजे एचआयव्ही, फ्रान्समध्ये नुकताच वेगळा केला होता. त्याचा पूर्ण जनुकक्रम, म्हणजे त्याच्या जनुकद्रव्यातल्या अक्षरांची ओळ, जानेवारी 1985 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि चिंपांझीत सापडलेल्या त्याच्या जवळच्या नातेवाइकाचा क्रम यायला 1990 उजाडलं. पुरावा नसतो तिथे अफवेला मोकळं रान मिळतं, आणि पुरावा उशिरा आला की त्याला आधी अफवेशी झुंजावं लागतं.

एचआयव्ही कुठून आला हा प्रश्न आज शास्त्रापुरता सुटलेला आहे. तो कशाने सुटला, इकडे मात्र आपण पुरेसं पाहिलेलं नाही. कुणीतरी जपून ठेवलेली रक्ताची एक कुपी, रुग्णालयाच्या कपाटात पडून राहिलेला मेणाचा ठोकळा आणि जंगलातून गोळा केलेली विष्ठा यांनी तो सोडवला. म्हणून माझं म्हणणं असं आहे की रोगाचे नमुने टिकवणं आणि त्यांचे जनुकक्रम ठरलेल्या मुदतीत सगळ्यांसाठी खुले करणं ही सार्वजनिक जबाबदारी आहे. भारतात ती नियमाने, पैशाने आणि तारखेने बांधली गेली पाहिजे. आज ती बरीचशी एखाद्या संस्थेच्या सद्भावनेवर चालते.

विषाणूंची नाती लावतात कशी, हे मराठी वाचकाला समजायला अवघड जाऊ नये. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या विद्वानांनी देशभरातल्या पोथ्या ताडून पाहिल्या. दोन पोथ्यांत तीच ओळ गळलेली, तोच शब्द त्याच जागी बिघडलेला दिसला, की त्या दोन्ही एकाच आधीच्या पोथीवरून उतरल्या असणार हे कळतं. एचआयव्हीचा क्रम सुमारे 9,700 अक्षरांचा आहे. नक्कल करणारं त्याचं विकर (एन्झाइम) वारंवार चुकतं आणि चुकलेलं दुरुस्त करत नाही. दोन विषाणूंत नेमक्या त्याच चुका आढळल्या तर त्यांचा पूर्वज एक. त्यातही नमुना कोणत्या वर्षीचा आहे हे माहीत असेल, तर चुका साठण्याचा वेग काढता येतो आणि मागे मागे जात तो पूर्वज केव्हा होऊन गेला याचा अंदाज बांधता येतो.

जुना नमुना इथे उपयोगी पडतो. 1959 मध्ये बेल्जियन काँगोतल्या लिओपोल्डव्हिल इथे, म्हणजे आजच्या किन्शासात, एका माणसाचं रक्त घेतलं गेलं. त्यातल्या विषाणूचे तुकडे 1998 मध्ये वाचता आले. मग विषाणूंच्या उत्क्रांतीचे अभ्यासक मायकेल वोरोबी आणि सहकाऱ्यांनी त्याच शहरातले जुने बायोप्सीचे ब्लॉक तपासायला घेतले. ब्लॉक म्हणजे शरीरातून काढलेला ऊतीचा तुकडा रसायनात मुरवून पॅराफिन मेणात बसवलेला ठोकळा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला त्यातून पातळ काप काढतात आणि उरलेला ठोकळा कपाटात जातो. मुरवणाऱ्या रसायनाने जनुकद्रव्याचे बारीक तुकडे होतात, त्यामुळे त्यातून क्रम वाचणं म्हणजे फार चिकाटीचं काम. अशा 27 ब्लॉकांपैकी एकाने दाद दिली. 1960 मध्ये एका स्त्रीच्या लसिकाग्रंथीतून घेतलेला तो तुकडा होता.

आता हे दोन नमुने शेजारी ठेवून पाहा. एकच शहर, एका वर्षाचं अंतर, आणि तुलना केलेल्या भागात दोघांत जवळपास 12 टक्के फरक. एवढा फरक वर्षभरात पडत नाही. त्याला काही दशकं लागतात. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने एचआयव्हीच्या जगभर पसरलेल्या एम गटाचा समान पूर्वज 1908 च्या आसपास ठेवला, अंदाजाची मर्यादा 1884 ते 1924. फोर्ट डेट्रिकची गोष्ट या एका आकड्याने संपते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जनुकात फेरफार करणारी प्रयोगशाळा जगात कुठेच नव्हती.

दुसरी एक गोष्ट याहून जास्त पटण्याजोगी होती आणि ती सांगणारी माणसं प्रामाणिक होती. 1957 ते 1960 या काळात काँगो आणि आसपासच्या भागांत तोंडावाटे द्यायची पोलिओ लस लाखो लोकांना दिली गेली. ती चिंपांझीच्या पेशींवर तयार झाली आणि त्यातून विषाणू माणसांत आला, असा आरोप होता. आरोपाला पार्श्वभूमी होती, कारण रीसस माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर बनवलेल्या सुरुवातीच्या पोलिओ लशींत एसव्ही-40 हा माकडांचा विषाणू खरोखरच निघाला होता. त्यामुळे संशयाची थट्टा करण्यात अर्थ नव्हता, तो तपासायलाच हवा होता. आणि तो तपासला गेला. लशीच्या जपून ठेवलेल्या कुप्यांत चिंपांझीचा अंश आढळला नाही. शिवाय काँगोतल्या ज्या किसांगानी भागातले चिंपांझी वापरल्याचा आरोप होता, तिथल्या चिंपांझींचा विषाणू 2004 मध्ये वाचला गेला, आणि तो एचआयव्हीच्या फांदीवर बसतच नव्हता. कुणी त्या कुप्या 'आता काय उपयोग' म्हणून ओतून दिल्या असत्या, तर पोलिओ लशीवरचा हा डाग आजही पुसता आला नसता.

खरी फांदी कॅमेरूनमध्ये सापडली. विषाणूशास्त्रज्ञ बिएट्रिस हान यांच्या गटाने 2006 मध्ये जवळजवळ 600 विष्ठेचे नमुने तपासले. चिंपांझीला पकडणं नाही, सुई टोचणं नाही. जंगलातले माग काढणारे लोक विष्ठा गोळा करून टिकाऊ द्रावणात टाकून पाठवत. त्यातूनच प्राण्याची जात, उपजात आणि विषाणू असं तिन्ही कळत असे. एम गटाचे सर्वात जवळचे नातलग देशाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या चिंपांझींत निघाले, एचआयव्हीच्याच दुसऱ्या, एन गटाचे दक्षिण-मध्य भागात. ओ आणि पी हे गट गोरिलांच्या विषाणूशी जुळतात. म्हणजे माणसात शिरण्याची घटना एकदाच घडली नाही, ती निदान चार वेळा स्वतंत्रपणे घडली. एखाद्या कारस्थानाची कथा चार वेगवेगळ्या उड्या कशा समजावून देणार, ते मला तरी कळत नाही.

आणखी मागे गेलं तर चिंपांझीचा विषाणूही मुळात त्याचा नव्हे. त्याच्या क्रमाचा एक भाग लाल टोपीच्या मँगाबे माकडाच्या विषाणूकडून आलेला दिसतो, दुसरा गेनॉन माकडांच्या विषाणूंकडून. चिंपांझी लहान माकडांची शिकार करून खातात. दोन शिकारींचे दोन विषाणू एकाच शरीरात भेटले, त्यांची सरमिसळ झाली आणि नवा विषाणू तयार झाला. माणूस या साखळीत फार उशिरा आला. शिकार कापताना रक्ताचा संपर्क झाला असावा, हे त्यातलं सर्वात सयुक्तिक स्पष्टीकरण आहे. माणसात आल्यावर विषाणूने काय बदललं तेही दिसतं. त्याच्या गॅग प्रथिनातल्या तिसाव्या जागेवर चिंपांझीत एक अमिनो आम्ल असतं आणि माणसात येताना तिथे दुसरं बसतं. वेगवेगळ्या उड्यांमध्ये हा बदल पुन्हा पुन्हा झालेला आढळतो. इतक्या बारकाईने ती वाट आज वाचता येते.

क्रम काय सांगत नाही, हेही सांगितलं पाहिजे. कोणता प्राणी, कोणता प्रदेश, साधारण कोणतं दशक, एवढं तो सांगतो. दोष कुणाचा, हे तो सांगत नाही. एका शिकाऱ्याला झालेला संसर्ग जगभरची साथ बनायला किन्शासासारखं झपाट्याने वाढणारं वसाहती शहर लागलं. 1940 च्या दशकाच्या अखेरीस तिथून रेल्वेने वर्षाला दहा लाखांहून अधिक लोक ये-जा करत होते. सक्तीची मजुरी, उठवलेली गावं, नीट न उकळता वापरल्या जाणाऱ्या सुया हे सगळं वसाहतवादाच्या खात्यावर जमा आहे. 'आफ्रिकनांनी माकडं खाल्ली म्हणून एड्स आला' असं म्हणणारा माणूस विज्ञान सांगत नसतो, अर्धी ओळ वाचून थांबलेला असतो.

क्रमाचं घड्याळही बिनचूक नाही. केवळ आजच्या नमुन्यांवरून हिशेब केला तेव्हा माकडांतले हे विषाणू फार तरुण वाटत होते. समुद्राची पातळी वाढून सुमारे 10,000 वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या मुख्य भूमीपासून तुटलेल्या बिओको बेटावरच्या माकडांत त्यांचीच भावंडं सापडली, आणि 2010 मध्ये त्यांचं वय निदान 32,000 वर्षं तरी असलं पाहिजे असं निघालं. घड्याळ दुरुस्त झालं ते नव्या नमुन्यामुळे. गणिताच्या जोरावर नमुन्याची उणीव भरून काढता येत नाही.

'हे सगळं आफ्रिकेतलं, आपला काय संबंध' असं वाटत असेल तर मुंबईकडे या. एचआयव्हीचा दुसरा प्रकार, एचआयव्ही-2, याची वंशरेषा वेगळी आहे. तो पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगाबे माकडांकडून आला. 1991 मध्ये तो मुंबईच्या नमुन्यांत आढळल्याची नोंद झाली, पुढे गोव्यातही. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये तो सर्वाधिक पसरला होता, आणि पोर्तुगीज वसाहतींमधल्या जुन्या दळणवळणाकडे संशोधक यासाठी बोट दाखवतात. तपासणीच्या रॅपिड किटवर 1 आणि 2 यांच्या खुणा वेगळ्या उमटतात. ही दुसरी खूण उमटली की औषधाचा प्रश्न उभा राहतो, कारण नेविरापिन आणि एफाविरेंझ ही औषधं एचआयव्ही-2 वर चालतच नाहीत. आपल्याकडे 2004 मध्ये सरकारी उपचार मोफत सुरू झाले तेव्हा नेविरापिन हाच त्यांचा एक मुख्य आधार होता. विषाणू चिंपांझीच्या घराण्यातला की मँगाबेच्या, हे न तपासता गोळ्या हाती पडल्या, तर रुग्ण वर्षभर निष्ठेने त्या घेऊनही खंगत जाऊ शकतो. वंशवृक्ष ही अभ्यासकांची चैन आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी या एका रुग्णाचा विचार करावा.

माकडांविषयीही एक गोष्ट सांगून टाकतो, कारण अशा लेखानंतर लोक देवळापुढच्या माकडांकडे संशयाने पाहू लागतात. आशियातल्या माकडांत या कुळातला विषाणू निसर्गतः नाही. अमेरिकेतल्या संशोधन केंद्रांतल्या रीसस माकडांना तो तिथे ठेवलेल्या आफ्रिकी मँगाबेंकडून लागला. भारताने 1978 मध्ये बंदी घालेपर्यंत रीसस माकडं मोठ्या संख्येने तिकडे जात होती.

नमुने जपण्याला आणि क्रम खुले करण्याला दोन गंभीर आक्षेप आहेत, आणि दोन्ही मला रास्त वाटतात.

पहिला बदनामीचा. गाएतान द्युगा या कॅनेडियन विमान कर्मचाऱ्याला अमेरिकेतल्या एड्सचा 'पेशंट झीरो', म्हणजे साथीचा पहिला रुग्ण, ठरवलं गेलं. 1984 मध्ये तो वारला आणि मेल्यानंतर त्याच्या नावावर एका खंडाची साथ लावली गेली. 2016 मध्ये वोरोबी यांच्याच गटाने 1978-79 मध्ये न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोत काविळीच्या अभ्यासासाठी जमवलेली जुनी रक्तद्रव्यं तपासली आणि आठ पूर्ण क्रम मिळवले. विषाणू 1970 च्या सुमारासच कॅरिबियनमधून न्यूयॉर्कला पोचला होता, आणि द्युगाचा विषाणू वृक्षाच्या मधल्याच एका फांदीवर होता. बदनामी झाली ती क्रम हाती नसताना. निर्दोषत्व सिद्ध झालं ते क्रमामुळे. तरीही धोका खरा आहे: कुणी कुणाला रोग दिला हे ठरवायला उद्या पोलीस हेच क्रम मागतील. म्हणून मी खुलेपणा मागतो तो विषाणूच्या क्रमाचा, वर्षाचा आणि जिल्ह्याचा. रुग्णाचं नाव, गाव, वस्ती याला कुलूप हवं, आणि फौजदारी खटल्यात क्रम वापरायला कायद्याने मनाई हवी.

दुसरा आक्षेप गरीब देशांचा. इंडोनेशियाने 2007 च्या सुमारास बर्ड फ्लूचे नमुने देणं थांबवलं, कारण त्यांच्या नमुन्यांवर श्रीमंत देशांत लस बनणार आणि त्यांनाच ती परवडणार नाही असं दिसत होतं. नोव्हेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमायक्रॉनचा क्रम तत्परतेने जाहीर केला आणि बक्षीस म्हणून त्यांची विमानं बंद झाली. मे 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत महासाथ करार संमत झाला, पण नमुने आणि त्यांच्या लाभातला वाटा हे प्रकरण परिशिष्टासाठी मागे ठेवावं लागलं, इतकं ते दुखरं आहे. लाभात वाटा मागणं न्याय्यच आहे. फक्त तो मागण्यासाठी नमुने दडवून ठेवायचे, हा मार्ग मला मान्य नाही, कारण त्याची किंमत आधी आपलेच लोक मोजतात. दुहेरी बदल असलेला कोविडचा, डेल्टाच्या कुळातला विषाणू महाराष्ट्रातल्या 15 ते 20 टक्के नमुन्यांत दिसल्याचं केंद्राने 24 मार्च 2021 रोजी जाहीर केलं. त्या कुळाचे भारतातले सर्वात जुने नमुने ऑक्टोबर 2020 चे आहेत. मधले महिने विदर्भातल्या रुग्णालयांनी कसे काढले आणि एप्रिलमध्ये काय झालं, ते इथे सांगायची गरज नाही.

आपल्याला हे जमत नाही असं मात्र मुळीच नाही. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि मग माणसंही तापाने आजारी पडू लागली. पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने, आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, मेलेल्या माकडांतून विषाणू वेगळा केला. रोग गोचिडीतून पसरतो, माकड त्याचा आपल्यासारखाच बळी, हेही समजलं. पण माझ्या मते याहून मोठं काम पुढच्या पन्नास वर्षांत शांतपणे झालं: संस्थेने ते विषाणू टिकवले. म्हणून 1957 ते 2006 या काळातले नमुने शेजारी ठेवून 2009 मध्ये तिथल्याच संशोधकांना सांगता आलं, की या सगळ्यांचा समान पूर्वज 1942 च्या आसपासचा असावा. किन्शासाच्या ठोकळ्याने जे केलं तेच पुण्याच्या फ्रीझरने केलं. हा रोग आता कर्नाटकातून गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गपर्यंत आला आहे, आणि तो कुठल्या फांदीवरून आला हे विचारायला तुलनेचा आधार आपल्याकडे आहे.

बाहेर जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत चित्र वेगळं आहे. आंतररुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं ठेवण्याचं बंधन डॉक्टरांवर आहे, त्यानंतर ती नष्ट करायला कुणी अडवत नाही. कागद गेला की ब्लॉकवरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. ठोकळा आहे, पण तो कुणाचा, कधीचा, कुठल्या तालुक्यातला हे सांगणारं कुणी नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या नीतिनियमांत साठवलेल्या नमुन्यांसाठी संमतीची आणि देखरेखीची चौकट आहे. जागा आणि माणूस त्यात नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

माझी मागणी मर्यादित आहे. निदान न लागलेला ताप आणि मेंदूज्वर यांत दगावलेल्या रुग्णांचे ब्लॉक आणि रक्तद्रव्य वर्ष-तालुक्याच्या नोंदीसह कायमचे ठेवायचे, आणि त्यासाठी प्रत्येक महसुली विभागात एक साठा, त्याला स्वतःचं अंदाजपत्रक आणि विजेची हमी. सार्वजनिक पैशातून काढलेला प्रत्येक विषाणूक्रम तीस दिवसांत खुल्या संग्रहात, पाठवणाऱ्या रुग्णालयाचं श्रेय लावून. शोधनिबंध येईस्तोवर क्रम अडवून ठेवण्याची रीत यात बंद होईल. ज्यांचं करिअर निबंधांवर चालतं त्यांना हे जाचक वाटेल, म्हणून क्रम जाहीर करणं हेच बढतीसाठी काम धरलं जावं. आणि ज्या वैद्यकीय अधिकाऱ्याने नमुना पाठवला त्याला निकाल आधी कळावा. दोडामार्गात मेलेल्या वानराचा नमुना बर्फात घालून पुण्याला पाठवणाऱ्या माणसाला, तो विषाणू गेल्या वर्षीचाच की सीमेपलीकडून नव्याने आलेला, हे पावसाळ्याआधी कळलं तर काजूच्या बागेत जाणाऱ्या लोकांना गोचिडीपासून बचावाचं तेल कुठल्या वाडीत आधी वाटायचं, ते त्याला ठरवता येईल.